गुरुजींनी निवडलेला अर्थ

माय, आज आतवार, शाळेला सुट्टी आहे आणि लहाना घरी आलेला नाही. येणार नाही असं त्यानं आधीच कळवलं होतं, तेव्हा काळजी करण्यासारखं काही नाही. तरी सकाळी दार उघडून रस्त्याकडे बघत उभी राहिले. तिरोड्याचं आपलं घर अजून तेच आहे. पुढच्या खोलीत बाबांचं किराणा दुकान होतं, तिथं आता एक मोबाईल दुरुस्त करणारा बसतो. मागच्या दोन खोल्या आणि परस माझ्याकडे. तू गेलीस तेव्हा वीज प्रकल्पाच्या चिमण्या नव्हत्या. आता परसात धुणं वाळत घालताना त्या दिसतात, आणि रात्री त्यांच्यावरचे लाल दिवे. बाबांना जाऊनही बरीच वर्षं झाली. मागच्या थंडीपर्यंत या घरात आम्ही दोघं भावंडं होतो, मी आणि लहाना. आता मी आहे.

मागची सगळी वर्षं तुला सांगत बसले तर कुठून सुरुवात करावी ते कळणार नाही. म्हणून एका शब्दाचं सांगते. या आठवड्यात सहावीच्या वर्गात मी इंग्रजीचे विरुद्धार्थी शब्द घेत होते. फळ्यावर ‘फास्ट’ लिहिलं आणि त्याच्यापुढे ‘स्लो’ लिहून विचारलं, याचा अर्थ कोण सांगेल? आमच्या वेळी अशा प्रश्नाला वर्ग खाली मान घालायचा. आता सगळे हात वर. एक म्हणाला, मॅडम, नेट स्लो आहे. दुसरा म्हणाला, स्लो मोशन. एक मुलगी म्हणाली, आई म्हणते गॅस स्लो कर, दूध उतू जाऊन राहिलं. मागच्या बाकावरची एक एरवी कधी बोलत नाही, ती म्हणाली, “मॅडम, आमची आजी स्लो झाली.” वर्ग हसला. ती हसली नाही. मी तिला म्हटलं, बरोबर आहे, असंही म्हणतात, आणि फळ्याकडे वळून खडू शोधत राहिले. खडू माझ्या हातातच होता. त्या पोरांनी इतके अर्थ सांगितले, पण लहान्याचा अर्थ कोणीच सांगितला नाही. तो अर्थ तासभर वर्गात कुठंतरी बसून होता असं मला वाटत राहिलं.

तो शब्द तू घरात आणलास तो दिवस मला पूर्ण आठवतो. लहाना दुसरीत होता आणि मी आठवीत. गुरुजींनी बाबांना बोलावलं होतं, पण बाजाराचा दिवस असल्यानं बाबांना दुकान सोडता येईना, म्हणून तू गेलीस. तू परत येतेस तेव्हा मी चुलीपाशी बसले आहे, लाखोरीची डाळ शिजते आहे. तू पायसुद्धा न धुता आत येतेस. तुझे ओठ हलत आहेत. वाटेत विसरू नये म्हणून तू तो शब्द मनाशी घोकत आली आहेस, जसं दुकानात पाठवलेलं पोर सामानाचं नाव घोकत जातं.

“स्लो म्हनजे का वं?” तू विचारलंस.

“हळू,” मी म्हटलं.

“मंग त्यात बोलावून सांगासारखं का आहे? हळू त तुहा बाप बी जेवते.”

पण तुझं समाधान झालं नव्हतं. गुरुजींनी तो शब्द ज्या आवाजात उच्चारला होता, तो आवाज ‘हळू’मध्ये बसत नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी शाळेतून जाडा शब्दकोश मागून आणला. तू सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होतीस, आणि मी वाचत होते. हळू चालणारा. सावकाश. उशीर लावणारा. घड्याळ असेल तर मागे पडलेलं. धंदा असेल तर मंदा. विस्तव असेल तर मंद. इथपर्यंत वाचून मी थांबले आणि पुस्तक मिटू लागले. तू वर न बघता म्हणालीस, “अजून एक आहे ना. वाच.” मी वाचलं. माणूस असेल तर, मंदबुद्धीचा.

तुझी बोटं तांदळात थांबली. लहाना परसात मातीत खेळत होता, त्याचा आवाज येत होता. मग एक खडा काढून बाजूला टाकत तू म्हणालीस, “एवढे अर्थ आहेत, अन् मास्तरनं हाच काऊन निवडला?”

पुढं मी शिक्षिका झाले. शिकवलेल्या पहिल्या धड्यापासून आजपर्यंत मुलांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांतल्या कुठल्याच प्रश्नानं मी एवढी अडले नाही.

दुसऱ्या दिवशी तू मला सोबत घेऊन शाळेत गेलीस. इंग्रजीचं काही निघालं तर पोरगी जवळ असावी म्हणून. गुरुजी शाळेच्या व्हरांड्यात डबा खात होते. तू पदर सारखा करून सरळ विचारलंस, “गुरुजी, तुम्ही त्या दिवशी एक शब्द सांगला. पोरीनं पुस्तकात पाह्यलं. त्याचे लय अर्थ आहेत. तुमचा कोनता?”

मला वाटलं होतं, गुरुजी चिडतील. ते चिडले नाहीत. डब्याचं झाकण लावलं, हात पुसले. म्हणाले, “बाई, खरं सांगू का? मराठीत सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून इंग्रजीत सांगितलं.”

“मंग आता मराठीत सांगा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथं नसते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं असावं. मग ते म्हणाले, “बाकीची पोरं दोन ओळी लिहितात तोवर त्याचं एक अक्षर होत नाही. अन् झालेलं अक्षर दुसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात राहत नाही. तो लिहा-वाचायला शिकेल असं मला वाटत नाही.”

“कधीच?”

“मी काही देव नाही, बाई. पण नाही वाटत.”

तू मान हलवलीस. भांडायला आलेल्या बाईची ती मान नव्हती. “आता समजलं,” म्हणालीस. मग निघता निघता मागं वळून विचारलंस, “उद्या त्याले पाठवू का नोको?” गुरुजी म्हणाले, “पाठवा ना. पोरांत बसू द्या.” आणि माय, त्या माणसानं चौथीपर्यंत लहान्याला पोरांत बसू दिलं. एकदाही त्याला उभं करून वाचायला लावलं नाही. मी आज त्यांच्या जागी उभी असते तेव्हा ते मला कळतं. तेव्हा मात्र मला त्यांचा राग आला होता, आणि तुझाही. तू भांडली का नाहीस?

परतताना तळ्याच्या पाळीवर तू थांबलीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, “तो शब्द इंग्रजीच राहू दे. घरात मराठीत कोनी म्हनायचं नाही.” मला वाटलं होतं, तू तो शब्द घरात येऊच देणार नाहीस. तू तर त्याला चुलीपाशी बसवलंस. त्या वर्षी आपल्याकडे गॅस आला आणि तू बटण फिरवताना दरवेळी म्हणू लागलीस, स्लो कर. भात स्लो शिजू दे. पानी स्लो पडून राहिलं आज. मामाची बैलजोडी स्लो आहे. शेजारणी हसायच्या, इंग्रजी बोलून राहिली म्हणून. तू का बोलतेस ते मला ठाऊक होतं. तो शब्द लहान्याच्या एकट्याच्या अंगावर राहू नये, सगळ्या घरादारावर थोडा थोडा वाटला जावा, एवढंच तुला हवं होतं.

आणि तसंच झालं. दुकानात बाबांकडे गोंदियाचा ठोक व्यापारी यायचा, दोघं हिंदीत बोलायचे. “मार्केट स्लो है, भाई,” बाबा म्हणायचे, त्यांची ती सवयच होती. एकदा लहाना पोत्यावर बसून गूळ खात होता. त्यानं ऐकलं आणि उठून बाबांच्या गुडघ्याला हात लावून विचारलं, “बाबा, दुकान बी स्लो आहे? माह्यासारखं?” तो खूश झाला होता. घरात आपल्यासारखं अजून कोणी सापडल्यावर माणूस होतो तसा. व्यापारी हसला. बाबांनी त्याला उचलून गल्ल्याशेजारी बसवलं आणि म्हणाले, “हो गा, तुह्यासारखंच.” त्यानंतर बाबांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही. व्यापारी आला की ते ‘धंदा मंदा है’ म्हणायचे.

तू त्याला अक्षरं शिकवायला गेली नाहीस. परसात घेऊन बसायचीस. वांग्याची, मिरचीची रोपं वाफ्यातून काढून दुसरीकडे लावायची, एवढं एकच काम. पावसाळ्यात मामाच्या बांधीत धानाची रोवणी असली की त्यालाही न्यायचीस. बाया ओळीनं मागं मागं सरकत जायच्या आणि हा चिखलात एकटा पुढं उरायचा, हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, जुडी. कोणी त्याला हाक मारली की तू म्हणायचीस, राहू द्या त्याले. त्यानं रोवलेले काही बुडखे वर तरंगायचे, तू संध्याकाळी जाऊन ते परत खोचायचीस. त्याला ते कळू द्यायची नाहीस. आणि मी एकदा शाळेची घाई म्हणून त्याच्या शर्टाची बटणं भराभर लावून दिली, तर माझा हात धरलास. “तू लावून देशील, त तो कवा लावल?” मग आम्ही दोघं बहीण-भाऊ उशिरा शाळेत पोचलो आणि मी छडी खाल्ली. आज हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

तू आजारी पडलीस, तेव्हा गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर तुझं मनगट धरून नर्सला म्हणाले, पल्स स्लो आहे. तुला ताप होता, डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपली आहेस. तू डोळे न उघडता मला विचारलंस, “माह्याबद्दल म्हनला का?” मी हो म्हटलं. तू हसल्यासारखं केलंस. मला तू लहान्याला सांभाळ असं काही म्हणाली नाहीस. सगळे नातेवाईक म्हणतात, आईनं मरताना तुझ्यावर टाकलं. तू तसं काही टाकलं नव्हतंस. ते मी स्वतः उचललं आणि तुझ्या नावावर लोकांना सांगू दिलं.

तुला ठाऊक नाही, तू गेल्यावर कामठ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शेती सांभाळून खताची एजन्सी चालवत होता. त्याच्या आईनं चहा घेता घेता विचारलं, “भाऊ थोडा स्लो आहे म्हणतात. किती?” मी म्हटलं, “जेवायला तास लागतो.” पुढं त्यांचा निरोप आला नाही. त्या माणसाचा चेहरा मला आता आठवत नाही. पण त्यानं लहान्याकडे पाणी मागितलं होतं, आणि लहाना आत जाऊन, पेला शोधून, भरून, दोन्ही हातांत धरून आणेपर्यंत तो दाराकडे बघत शांत बसून राहिला होता. मध्ये मी उठू लागले तर त्यानं हातानं मला थांबवलं. ते मात्र आठवतं. कधीकधी फारच आठवतं.

मग बाबा गेले, आणि पुढची सगळी वर्षं लहान्याच्या चालीनं गेली. सकाळी त्याला उठवून मी शाळेत जायची, परत यायची तेव्हा तो परसात असायचा. रात्री तो जेवायला बसला की मी समोर पेपर तपासत बसायची. त्याचा एकेक घास, माझा एकेक पेपर. बोलणं असं फारसं नव्हतं. ताई, पाऊस येते का. ताई, मांजर गेली. पण समोर कोणीतरी जेवतं आहे, एवढ्यानं घर भरलेलं असायचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मागच्या दिवाळीआधी माझा एक जुना विद्यार्थी बायकोला घेऊन घरी आला. बोदलकसाच्या रस्त्यावर दोघांनी रोपांची नर्सरी काढली आहे. पिशव्या भरायला, लहान रोपं ट्रेमधून काढून पिशवीत लावायला माणूस हवा होता. तो म्हणाला, “मॅडम, पोरं येतात, पण घाईत देठ मोडतात. दादा येतील का?” मी म्हणणार होते की त्याला जमणार नाही, तो एकाच ओळीला दोनदा पाणी घालतो, घरापासून कधी दूर राहिला नाही. सगळी वाक्यं तयार होती. तेवढ्यात आतून लहाना आला आणि म्हणाला, “जाईन.” आयुष्यात त्यानं कशालाही एवढ्या लवकर उत्तर दिलं नव्हतं.

आधी तो रोज जाऊन येऊन करायचा. विद्यार्थी त्याला मोटरसायकलवर न्यायचा आणि आणून सोडायचा. मग थंडीत एक दिवस फोन आला, त्या विद्यार्थ्याच्या बायकोच्या फोनवरून. “ताई, मी इथंच झोपतो. सकाळी पानी लवकर द्या लागते.” मी म्हटलं, पांघरूण आहे का? तो म्हणाला, आहे. मी म्हटलं, जेवलास का? तो म्हणाला, जेवून राहिलो. तेव्हापासून तो तिथंच असतो, आतवारी यायचा. हळूहळू एक आतवार आड यायला लागला.

मागच्या आठवड्यात मीच गेले बघायला. ऑटोतून उतरले तर हिरव्या जाळीखाली लहाना उकिडवा बसलेला, टोपी घातलेली, केस पांढरे झालेले. मला वाटलं, मला बघून उठेल. तो म्हणाला, “ताई, थांब. ही ओळ होऊ दे.” मी दगडावर बसले. मालकीणबाईनं, त्या विद्यार्थ्याच्या बायकोनं, चहा आणून दिला. त्या पोरीनं एक युक्ती केली आहे, माय. पाणी घातलेल्या ओळीच्या टोकाला ती लाल चिंधी बांधते, म्हणजे त्याला कळतं. आता तर चिंधी सोडून पुढच्या ओळीला तोच बांधतो. मी इतकी वर्षं त्याच्यासोबत राहिले, मला ते सुचलं नव्हतं. मी त्याला नुसतं सांगत राहायची, झालं रे बाबा, तिथं झालं पाणी घालून.

चहा संपला. ऊन जाळीवरून सरकलं. ती पोरगी माझ्याशी बोलत होती, नवरा बँकेत गेला आहे, पपईच्या रोपांना मागणी आहे. मी हो हो म्हणत होते आणि त्याच्या पाठीकडे बघत होते. एकदाही त्यानं मागं वळून पाहिलं नाही. ओळ संपल्यावर उठला, हात धुतले आणि मला एकेक रोप दाखवत फिरवलं. ही मिरची. हे टमाटर. याले ऊन नोको. मी शाळेतल्या पोरीसारखी मागे मागे. निघताना म्हणाला, “पुढच्या आतवारी मी नाही येत. गाडी येनार आहे, रोपं जाऊन राहिले.” मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, “तू बी नोको येऊ. काम राहते.” त्यात काही रुसवा नव्हता. जसं आहे तसं सांगितलं. तुझ्यासारखंच बोलतो तो.

तर हे असं आहे, माय. गुरुजी चुकले नव्हते, लहाना अजूनही वाचू शकत नाही. आणि तूही चुकली नव्हतीस.

हे मी सहावीच्या पेपरांच्या कोऱ्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. कुठं पाठवायचं नाही, आणि लहान्याला वाचून दाखवायचं तर मुळीच नाही. दुपार उतरली आहे, पुढच्या दुकानातल्या मुलानं शटर ओढलं. उद्या शाळेत परत विचारतील, मॅडम, भावाशिवाय करमतं का? मी सगळ्यांना एकच सांगते, तो तिथं सुखात आहे, मग मला आणखी काय पाहिजे. लोकांना ते पटतं, आणि माझी ते बोलून सुटका होते. तुला मात्र ते वाक्य मला लिहवलं नाही. दोनदा लिहायला घेतलं आणि खोडलं.